सिडको ते इंदिरानगर: बाळ सांभाळायचं काम मिळण्याचं एक प्रकरण

नमुन्यादाखल एक बाई घेऊ. वय 38, शिक्षण नववी, नाशिकला लेखानगरच्या मागे सिडकोत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी. नवरा अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामावर, थोरली मुलगी बारावीला, धाकटा आठवीत. स्वतःची दोन मुलं वाढवली, जावेची जुळी सांभाळली, वर तीन वर्षं एका पाळणाघरात मदतनीस होती. ते पाळणाघर मेमध्ये बंद पडलं. जूनपासून ती बाळ सांभाळायचं काम शोधते आहे. ऑगस्ट उजाडला तरी तीन ठिकाणी जाऊन परत आली. शेजारच्या बाया सांगतात, ‘ओळख लागते गं.’

ओळख लागते हे खरं, पण या बाईचं अडलं होतं ते दुसरीकडेच. धुणंभांड्याचं काम शोधावं तसं ती हे काम शोधत होती. धुणंभांडं करणारीची चार घरं असतात, एक सुटलं तर तीन राहतात, महिन्याभरात चौथं मिळतं. बाळाच्या कामात घर एकच आणि अख्खा पगारही त्याच घरातून. ते घर चुकलं की महिना-दीड महिना हातात काही पडत नाही, आणि ‘मध्येच सोडून गेली’ असा शिक्का बसतो तो वेगळाच. म्हणून इथे घर निवडण्यात बाईने घाई करून चालत नाही. पहिल्या तीन प्रयत्नांत काय फसलं ते आधी पाहू.

गंगापूर रोडचा बंगला

पहिलं काम गंगापूर रोडला मिळालं. पगार 10,500, वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी साडेसहा, रविवार सुट्टी. पगार बरा वाटला. पण लेखानगरहून सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, एक वाहन, तिथून पुढे दुसरं. एका खेपेला 50 मिनिटं, म्हणजे रोज 1 तास 40 मिनिटं प्रवासात. महिन्याच्या 26 दिवसांचे 43 तास झाले. भाड्याचे रोज 60 रुपये धरले तर महिन्याला 1,560 गेले. हातात उरले 8,940, आणि घराबाहेर गेलेले तास 247 कामाचे अधिक 43 प्रवासाचे, म्हणजे 290. तासाला 31 रुपयेही पुरते पडत नाहीत.

पैशांचं एक वेळ सोसता आलं असतं, उशिराचं नाही. बाळाच्या आईला 9 वाजून 10 मिनिटांनी निघायचं असतं. भांडी घासणारी वीस मिनिटं उशिरा आली तर भांडी तशीच पडून राहतात, फार काही बिघडत नाही. बाळाची बाई वीस मिनिटं उशिरा आली तर आईची कामावरची हजेरी जाते. पहिल्या आठवड्यात दोनदा शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागलं, एकदा पावसाने बस चुकली. दहाव्या दिवशी त्या घराने काम थांबवलं. घराचं चुकलं असं म्हणता येत नाही.

यातून निघालेला नियम सोपा आहे. पायी अर्ध्या तासात किंवा थेट एका वाहनाने गाठता येईल एवढाच टापू धरायचा. लेखानगरच्या बाईसाठी तो टापू म्हणजे इंदिरानगर, राणेनगर, गोविंदनगर, फार तर पाथर्डी फाटा. तिथेही इंदिरानगर किंवा राणेनगरच्या महामार्गाखालच्या बोगद्यातून जायचं असेल तर ऑफिसच्या वेळी वाहनापेक्षा पायी जाणं भरवशाचं. त्या वेळेला बोगद्यात गाड्या अडकतात हे नाशिककराला सांगायला नको.

ब्युरोची फी आणि ‘काहीही करीन’

दुसऱ्या खेपेला ती बाया कामाला लावून देणाऱ्या एका ब्युरोत गेली. नोंदणीचे पैसे आधी भरून घेतले आणि चार दिवसांनी चोवीस तासांचं काम सांगितलं. घरी दोन शिकती मुलं असलेली बाई चोवीस तास कशी राहणार? तिने नकार दिला, पैसे गेले. सगळे ब्युरो असे नसतात. तरी दार उघडायच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: पैसे बाईकडून घेता की घराकडून, किती महिने पगारातून कापता, आणि काम टिकलं नाही तर दुसरं घर फुकट देता का. आपलं कमिशन घराकडून घेणारा आणि बाईकडून आगाऊ काही न मागणारा ब्युरो असेल तरच नाव द्यावं. आधार कार्ड, मार्कशीट यांची मूळ प्रत कोणाकडेच ठेवायची नाही.

तिसरी खेप गोविंदनगरला. घर चांगलं, बाळ सात महिन्यांचं, बोलणं छान चाललेलं. आईने विचारलं, ‘तुम्ही नक्की काय काय कराल?’ ही म्हणाली, ‘काहीही करीन ताई. झाडू, फरशी, पोळ्या, सगळं.’ काम गरजेचं होतं म्हणून बोलली. तिच्या लेखी हा चांगुलपणा होता. ऐकणाऱ्या आईच्या मनात आलं, ही पोळ्या लाटत असेल तेव्हा बाळ कुठे असेल? त्या घराने कळवतो म्हणून कळवलंच नाही. आणि कळवलं असतं तरी फायदा नव्हता, कारण ‘काहीही’ म्हणणाऱ्या बाईला दोन कामांचा एक पगार मिळतो आणि नंतर तो वाढवून मागायला तोंड राहत नाही.

शोध कधी आणि कुठे

कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, पहिल्या दोन मुलांसाठी. नोकरी करणारी आई बाळ सहा महिन्यांचं होताना कामावर परतते आणि बाई शोधायला लागते ती त्याच्या महिना-दीड महिना आधी. म्हणजे बाळ साडेचार महिन्यांचं असताना. लसीकरणाचे सुरुवातीचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात. 14 आठवड्यांच्या डोसाला आलेल्या आया बालरोगतज्ज्ञांच्या वेटिंगमध्ये एकमेकींना हेच विचारत बसतात: ‘तुम्ही कोणाकडे ठेवणार?’ तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीला हे रोज ऐकू येतं. आपल्या टापूतल्या दोन-तीन बालरोग दवाखान्यांत दुपारच्या निवांत वेळी जाऊन एक चिठ्ठी देऊन यावी. सकाळच्या गर्दीत गेलं तर चिठ्ठी टेबलावरच राहते.

दुसरा भरवशाचा धागा म्हणजे आपल्या टापूतल्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बाया. कोणाकडे बाळंतीण आली, कोणाची सासू गावाला परत चालली, मालिशवाली किती दिवस येणार, हे त्यांना सोसायटीच्या चेअरमनच्या आधी कळतं. वॉचमनलाही सांगून ठेवावं, पण वॉचमनची ओळख फाटकापुरती. बाईची ओळख स्वयंपाकघरापर्यंत असते, म्हणून तिच्या शब्दाला वजन जास्त.

तिसरी जागा सहसा कोणाला सुचत नाही: पाळणाघरं. बरीच पाळणाघरं वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत. मग परत पाठवलेली आई तिथेच विचारते, ‘घरी येणारी कोणी आहे का?’ आपली ही बाई तर पाळणाघरातच काम केलेली. जुन्या पाळणाघराच्या बाईंकडे ती काम सुटल्यावर एकदाही गेली नव्हती. तीन वर्षं वेळेवर आली, असं सांगणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

चिठ्ठी अशी होती, पाव कागदावर, मुलीच्या अक्षरात:

‘बाळ सांभाळायचं काम करते. 3 महिने ते 3 वर्षं. पाळणाघरात 3 वर्षं काम केलं आहे. वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 7 मध्ये. इंदिरानगर, राणेनगर, गोविंदनगर. चोवीस तासांचं काम करत नाही. फोन दुपारी 1 ते 3 किंवा रात्री 8 नंतर.’

खाली नाव आणि नंबर. ‘प्रेमळ, प्रामाणिक, होतकरू’ असलं काही नाही. ते सगळ्याच लिहितात, म्हणून ते कोणी वाचत नाही. ‘चोवीस तासांचं काम करत नाही’ या एका ओळीने निम्मे निरुपयोगी फोन वाचले.

भेट आणि चाचणीचे तीन दिवस

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंदिरानगरमधून फोन आला, त्याच इमारतीत भांडी घासणाऱ्या बाईमार्फत. आई खासगी कंपनीत, वडील सातपूरला, आजी घरात पण गुडघ्यांनी थकलेल्या. बाळ पाच महिन्यांचं.

पहिल्या भेटीला आईचं लक्ष तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त असतं. ही बाई जाताना काचेच्या बांगड्या काढून गेली, नखं कापलेली, आणि मुख्य म्हणजे मंगळसूत्रात अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना घरीच ठेवल्या. पाच महिन्यांचं बाळ गळ्याजवळ आलं की पहिला हात मंगळसूत्रालाच घालतं. आत गेल्यावर बाळाकडे न धावता तिने विचारलं, ‘हात कुठे धुऊ ताई?’ धुऊन, पुसून, मग पाच मिनिटं नुसती समोर बसून राहिली. बाळाने तिला बघून घेतलं. त्यानंतर उचललं. ज्या बाया आल्या आल्या हात पुढे करतात त्यांच्याकडे या वयाचं बाळ बहुधा रडतं, आणि आईच्या मनात तिथेच फुली पडते.

मग प्रश्न आले. रडलं तर काय कराल? याला ‘समजूत काढीन’ हे उत्तर होत नाही. क्रम सांगावा लागतो: आधी लंगोट किंवा डायपर बघायचं, मग शेवटचं दूध कधी झालं ते, मग झोपेची वेळ, मग ढेकर अडकला आहे का, अंग गरम लागतंय का, कपड्यात काही टोचतंय का. एवढं करूनही अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा रडण्याचा आवाज नेहमीचा नसेल तर आईला फोन.

दूध कसं कराल, हे करून दाखवायला सांगितलं. पावडरच्या दुधात बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला 1 सपाट चमचा असं प्रमाण असतं, तरी डबा वाचायचाच. बाटलीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलं की पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. प्यायला सुरुवात केल्यापासून तासाभरात जे उरेल ते ओतून द्यायचं. आईने काढून ठेवलेलं दूध बाहेर 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस. बाटलीवर तारीख आणि वेळेची पट्टी असेल तर भांडण होत नाही. फ्रिजमधलं दूध गॅसवर उकळायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करून कोमट करायचं.

चाचणीचे तीन दिवस ठरले, आई घरात असताना, अर्धा अर्धा दिवस. त्याचे पैसे मिळणार का हे आधीच विचारलं. ठरलं रोजाचं निम्मं. फुकट चाचणी द्यायची नाही. दुसऱ्याच्या घरी तीन दिवस घालवणं हे कामच आहे. तिच्या नोंदी आईला आवडल्या. साध्या वहीत वेळ, दूध किती मिली, झोप कधी ते कधी, शी-शू. लिहायला जमत नसेल तर तासांचे रकाने आखून घेऊन खुणा केल्या तरी चालतं.

पगाराचं बोलणं

वेळ ठरली 9 ते साडेसहा, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 247 तास. घराने 9,000 सांगितले. तासाला साडेछत्तीस रुपये. ‘कमी वाटतात हो’ म्हणण्याऐवजी हाच हिशेब कागदावर मांडला आणि 13,000 मागितले. आईने 12,000 म्हटलं. तासाला साधारण 49 पडले, पायी जायचं असल्याने भाडं शून्य. गंगापूर रोडच्या 31 शी हे ताडून पाहिल्यावर तिने होकार दिला.

एक पानी कागद झाला, दोघींच्या सह्या, फोटो काढून दोघींच्या मोबाइलवर. कोर्टात जायला नाही, तीन महिन्यांनी आठवण राहावी म्हणून. त्यातली महत्त्वाची कलमं:

‘पगार 12,000, दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत बँक खात्यात. रविवार सुट्टी, शिवाय महिन्याला 2 भरपगारी सुट्ट्या. त्यापुढचा खाडा 400 रुपये. साडेसहानंतर थांबावं लागलं तर तासाला 60. ताई बाळाला घेऊन माहेरी किंवा गावाला गेल्या तर 7 दिवसांपर्यंत पूर्ण पगार, त्यापुढे निम्मा. दिवाळीला वर्ष झालं असेल तर एक पगार, नसेल तर महिन्यांच्या प्रमाणात. काम सोडताना किंवा थांबवताना दोन्हीकडून 15 दिवस आधी सांगणं. काम: बाळाचं दूध, खाणं, अंघोळ, झोप, बाळाचे कपडे, बाटल्या उकळणं, बाळाची खोली आवरणं. बाकीचं घरकाम नाही.’

खाड्याचा आकडा बघा. 12,000 ला 26 ने भागलं तर 461 येतात, 30 ने भागलं तर 400. कुठल्या आकड्याने भागायचं हे कोणी बोलत नाही आणि पहिल्याच खाड्याला मनं कडवट होतात. गावाला जाण्याचं कलम तर नाशिकमध्ये हमखास विसरलं जातं. मे महिन्यात बाळ तीन आठवडे माहेरी, आणि बाईला कळतं की पगारही माहेरी गेला.

उचल मागू नये असं नाही. निम्म्या पगारापलीकडे जाऊ नये आणि किती हप्त्यांत फिटणार ते त्याच कागदाच्या मागे लिहावं. आधारची झेरॉक्स देताना त्यावर आडवी रेघ मारून ‘फक्त कामाच्या ओळखीसाठी’ आणि तारीख लिहावी. घराला पोलीस पडताळणी करायची असेल तर खुशाल करू द्यावी, ती बाईच्याही उपयोगाची आहे. कॅमेरा आहे का, कुठल्या खोलीत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

तिसरा आठवडा

ऑक्टोबरात आई कामावर गेली आणि अपेक्षित होतं तेच घडलं. बाळ दुपारी दीड तास झोपतं. आजींनी पहिल्या दिवशी मेथीची जुडी पुढे केली, ‘बसलीच आहेस तर निवडून दे.’ दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा चहा. आठवड्याने घरचे कपडे दोरीवरून काढून घड्या घालणं. प्रत्येक काम दहा मिनिटांचं, म्हणून नाही म्हणणं अवघड. आजींचाही यात दुष्टपणा नव्हता, घरात मोकळे हात दिसले की काम सांगायची त्यांना आयुष्यभराची सवय.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, बाई निमूट करत राहते आणि दोन महिन्यांनी भडकून काम सोडते. दुसरी, आजींशीच वाद घालते. या बाईने तिसरा मार्ग धरला. झोपेच्या दीड तासाचं स्वतःचं काम दिसेल असं मांडलं: बाटल्या उकळणं, सहा महिने झाल्याने सुरू झालेल्या खिमटासाठी तांदूळ-मूगडाळ धुऊन वाळत घालणं, नाचणीचं सत्त्व गाळून ठेवणं, बाळाच्या कपड्यांच्या घड्या. मग शनिवारी संध्याकाळी आईशी बोलली: ‘ताई, मेथी निवडायला माझी ना नाही, पण काल चहा करताना बाळ उठून पलंगाच्या कडेला आलं होतं. तुम्हीच आजींना सांगा.’ कागदातलं कलम काढून दाखवलं नाही. बाळाचं नाव पुढे केलं की घरातल्या घरात निकाल लागतो. भाजी निवडणं चालू राहिलं, गॅसजवळचं काम बंद झालं.

दुसरा पेच जास्त नाजूक. आजींना बाळाला मधाचं बोट लावायचं होतं. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्याला विषबाधा होऊ शकते. पण हे आजींना बाईने सांगायचं नाही. ‘आजी, ताईंना फोन लावून देते, तुम्ही बोला’ एवढंच. सासू-सुनेच्या मध्ये उभी राहिलेली बाई दोन्हीकडून जाते.

औषधाच्या बाबतीत मात्र संकोच करायचा नाही. पॅरासिटॅमॉलच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीला 100 मिलिग्रॅम औषध असतं, 125 च्या सिरपमध्ये 5 मिलीला 125. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. सिरपचं माप ड्रॉप्सला वापरलं तर बाळाला चौपट औषध जातं. आईकडून औषधाचं नाव, मिली आणि वेळ मेसेजवर लेखी आल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, नुसत्या तोंडी सांगण्यावर तर नाहीच. आणि जानेवारीत घराघरात द्राक्षांच्या पेट्या येऊ लागल्या की आणखी एक नियम: अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या हातात नाही. खायच्या वयाचं झालं तरी उभे चार काप करूनच. शेंगदाणा, फुटाणा तर दूरच. घशात अडकलंच आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पालथं, डोकं खाली करून पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने 5 दाब, आणि कोणीतरी 108 ला फोन. हे बाहुलीवर एकदा करून बघितलेलं असावं. वाचून हातात येत नाही.

कागदपत्रं, काम लागल्यावरची

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची नोंदणी कामगार खात्याच्या जिल्हा कार्यालयात होते, त्यासाठी काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो. म्हणून नोंदणी काम लागल्या लागल्या करावी. ताईंची सही तेव्हा सहज मिळते, भांडण झाल्यावर नाही. ई-श्रम कार्ड वेगळं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर असेल तर थोड्या वेळात निघतं. बँकेत पगार येऊ लागला की वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा त्याच खात्यातून चालू करून घ्यावा, कव्हर 2 लाखांचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकामगारालाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

बाळ तीन वर्षांचं झालं की जूनमध्ये नर्सरीत जातं आणि काम अर्ध्या दिवसावर येतं किंवा संपतं. तेव्हा एकदम बऱ्याच बाया मोकळ्या होतात. म्हणून त्या वर्षी मार्चमध्येच ताईंना विचारून ठेवायचं, पुढे काय. दाखला तेव्हाच लिहून घ्यायचा: किती महिने, कुठल्या वयापासून, वेळ काय, आणि ‘फोन करून विचारायला हरकत नाही’ ही ओळ. आणि एप्रिलमध्ये पाव कागदाच्या नव्या दहा चिठ्ठ्या. या वेळी ‘पाळणाघरात 3 वर्षं’ च्या खाली आणखी एक ओळ येईल: ‘इंदिरानगरला एकाच घरी, 5 महिन्यांच्या बाळापासून.’